‘खानदानातच आहे’ : पण नेमकं काय?

घरात कुणाला पोटाचा कॅन्सर झाला की दोन गोष्टी हमखास होतात. मुलींच्या सासरी कळू नये म्हणून रोगाचं नाव दडवलं जातं. आणि “दादांनाही हेच होतं, खानदानातच आहे” म्हणत बाकीचे भाऊबहीण तकदीरवर हवाला टाकून गप्प बसतात. या दुसऱ्या वाक्यात खरं किती, हे तपासणाऱ्यांत डॉ. इमाद एल-ओमर हे एक महत्त्वाचं नाव आहे. त्यांच्या कामाची ओळख आम्हाला येथे करून द्यायची आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या आतल्या चिकट थरात राहतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तोवर अल्सरचं खापर तिखटावर आणि काळजीवर फुटत असे. लोक ऐकेनात, तेव्हा मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा जंतू कॅन्सरकारक म्हणून जाहीर केला होता.

पण एक कोडं उरलं. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू आहे, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याची जाणीवही होत नाही. काहींना अल्सर होतो, फार थोड्यांना कॅन्सर. त्यातही जठराच्या पुढच्या आतड्यात अल्सर होणाऱ्यांच्या पोटात आम्ल जास्त असतं, आणि त्यांना जठराचा कॅन्सर क्वचित होतो. कॅन्सर होतो तो आम्ल आटलेल्या जठरात. जंतू एकच, मग दोन वाटा कशा?

डॉ. एल-ओमर यांनी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोचे प्रा. केनेथ मॅकॉल यांच्याबरोबर, रुग्णांऐवजी रुग्णांचे सख्खे नातेवाईक तपासले. शंभर जणांची ही पाहणी होती. आम्ल आटणं आणि जठराचं अस्तर झिजणं या कॅन्सरपूर्व खुणा त्यांच्यात इतरांपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. मात्र ज्यांच्या पोटात जंतू होता त्यांच्यातच. त्याच खानदानातले जंतू नसलेले लोक सुरक्षित होते. औषधाने जंतू घालवल्यावर जवळपास निम्म्या लोकांत या खुणा मागे हटल्या.

मग वारसा कसला? त्याचं उत्तर 2000 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. जंतू शिरला की शरीर इंटरल्यूकिन-1 बीटा नावाचं द्रव्य तयार करतं. ते दाह वाढवतं आणि जठरातलं आम्ल जोरात दाबतं. काहींच्या जनुकांतच हे द्रव्य जास्त बनवण्याची घडण असते. स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांच्या या अभ्यासात अशांना कॅन्सरचा धोका दुप्पट-तिप्पट दिसला. म्हणजे घराण्यातून येतो तो रोग नव्हे, जंतूला उत्तर देण्याची पद्धत येते. जनुक बदलता येत नाही. जंतू काढता येतो.

जंतू काढून खरंच फरक पडतो का? दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी पोटाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे जंतूबाधित सख्खे नातेवाईक घेतले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती गोळी. सुमारे नऊ वर्षांनी पाहिलं, तर औषधवाल्या 832 जणांत 10 कॅन्सर, दुसऱ्या 844 जणांत 23. हा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे जंतू सर्रास आढळतो, तरी मिझोराम वगैरे भाग सोडले तर पोटाचा कॅन्सर त्या मानाने कमी आहे. तेव्हा प्रत्येक ढेकरेला घाबरून तपासणीला धावायची गरज नाही. पण आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं. म्हणूनच रोगाचं नाव दडवणं आम्हाला घातक वाटतं. जी माहिती लेकीला वाचवू शकते तीच तिच्यापासून लपते. (तंबाखू आणि फार खारवलेलं अन्नही धोका वाढवतं. कोकणातल्या आमच्या वाचकांना खारा मासा कमी करा म्हणणं जिवावर येतं, पण म्हणावं लागतं.)

तपासणी श्वासाची किंवा शौचाची असते. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ती आधी दोन आठवडे, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवावी लागते. नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. उपचारात दोन-तीन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी असते, बहुधा 14 दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासून जंतू गेल्याची खात्री करायची. रक्ताची तपासणी यासाठी उपयोगाची नाही, कारण जंतू गेल्यावरही ती बराच काळ ‘आहे’ असंच दाखवते.

गोळ्या दिवसातून दोन ते चार वेळा घ्याव्या लागतात. रमजान तोंडावर असेल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. तातडी नसल्यास कोर्स ईदनंतर सुरू करता येतो.