तंजावरात सायकलवर

रावपुऱ्यातल्या ज्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून आपण वडोदेकर रोज जातो-येतो, तो १८९६ साली पहिल्या महाराणी चिमणाबाईंच्या स्मरणार्थ उभारला गेला. या चिमणाबाई तंजावरच्या राजघराण्यातल्या. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. १८८० साली सयाजीराव महाराजांशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा तिकडचे नर्तकी आणि नट्टुवनारही त्यांच्याबरोबर वडोदऱ्यास आले. आज ज्याला आपण भरतनाट्यम् म्हणतो तो नाच या शहराने प्रथम पाहिला तो असा. पुढे अवघ्या पाच वर्षांत त्या वारल्या. त्यांचे माहेर एकदा पाहून यावे, असे आम्हां उभयतांच्या मनात फार दिवस होते.

तंजावर सायकलीला मानवणारे गाव आहे. कावेरीच्या खोऱ्यातली जमीन, तेव्हा चढ नाही की उतार नाही. दोन सायकली भाड्याने घेतल्या. हिच्या सायकलीला साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी आहे ना, एवढे पाहून पहाटेच निघालो. कालव्याचा पूल ओलांडला आणि राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले बृहदीश्वराचे देऊळ समोर आले. त्याचे दोनशे फुटांहून उंच शिखर मान मोडेपर्यंत पाहून घेतले. त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मी त्या फंदात पडत नाही.

आम्हांला पाहायची होती ती भिंत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. देवळाच्या नैऋत्येकडील ओवरीच्या भिंतींवर या भोसल्यांचा सारा इतिहास मराठीत, बाळबोध अक्षरांत कोरला आहे. कोरवून घेतला दुसऱ्या सरफोजीराजांनी, १८०३ साली. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १७९९ च्या तहाने मुलूख इंग्रजांच्या कंपनीने घेतला होता. राजांकडे किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग तेवढा उरला होता. राज्य गेल्यावर चार वर्षांनी त्यांनी आपली वंशावळ दगडात कोरून ठेवली!

ही मोठ्याने वाचू लागली. पंचवीस वर्षे हिने मराठी शिकवले. मुलेच येईनाशी झाली, तेव्हा शाळेतले मराठीचे वर्ग एकामागून एक बंद पडले. भिंतीवरच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, असे मी आधीच बजावले होते. दहाबारा ओळी झाल्या असतील, तोच मागून आवाज आला, “अक्का, तुम्हांला हे वाचता येते?”

बाई आमच्याच वयाच्या. घर तंजावरचे, पिढ्यान् पिढ्या घरात बोलणे मराठी. शब्द जुन्या वळणाचे, हेल तमिळ, पण एकही वाक्य आम्हांला अडले नाही. लहानपणापासून या भिंतीवरून त्या जात आल्या होत्या आणि तिच्यावर आपलीच भाषा आहे हे त्यांना ठाऊक होते, परंतु वाचता येत नव्हती. मुलीला पत्र लिहायचे तर त्या मराठी तमिळ अक्षरांत लिहीत. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर. तेव्हा ‘काय’ लिहिले काय आणि ‘गाय’ लिहिले काय, कागदावर सारखेच! हे सांगताना त्या स्वतःच हसत होत्या. हिने पिशवीतून वही काढली. पुढचा दीड तास मी त्या दोघींच्या खिजगणतीत नव्हतो.

दुपारी राजवाडा पाहिला. नायकांच्या दरबारात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, तो इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेला. शेजारीच सरस्वती महाल. नायकांच्या वेळेपासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजीराजांनी इतका वाढवला की त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. मराठी हस्तलिखितेच सुमारे ३००० आहेत. मोडी कागदांची बाडे निराळी. काचेआडच्या पानांपाशी ही बराच वेळ उभी होती, पण बोलली नाही.

उन्हे कलल्यावर जुन्या किल्ल्याच्या पूर्वेकडची प्रचंड लोखंडी तोफ पाहायला गेलो. गल्लीबोळांतून, बशींच्या भोंग्यांतून वाट काढताना मला चांगलाच घाम फुटला. ही मात्र तरुण मुलीसारखी पुढे. तोफ मला आवडली. हिचे तिच्याकडे लक्षच नव्हते. भिंतीचा किती भाग वाचून झाला याचा हिशेब चालला होता.

संध्याकाळी दुकानात सायकली परत केल्या. दुकानदाराने घंटी, ब्रेक, हवा, सारे तपासून पाहिले आणि उद्या हव्यात का, असे खुणेने विचारले. हिने एक बोट वर केले. बाई सकाळी सहाला ओवरीत येणार होत्या, पाटी घेऊन.