लेथची झिजलेली मूठ बदलताना

लाकूड कातण्याच्या लेथवर काम करणाऱ्या कारागिराचा हात ज्या भागांकडे वारंवार जातो, त्यांत आवळण्याच्या मुठींचा क्रम वरचा लागतो. पटाशी जिच्यावर टेकवायची ती टूलरेस्ट एका मुठीने आवळलेली असते, तिचा पाया दुसऱ्या मुठीने आणि लाकडाचे दुसरे टोक धरणारा टेलस्टॉक तिसऱ्या मुठीने. लाकूड सरकवले, व्यास कमी झाला, आकार बदलला की मूठ सैल करावयाची व पुन्हा आवळावयाची. अशा शेकडो आवर्तनांनंतर ती झिजते, यात नवल नाही. नवल हे की, मोटर किंवा पट्टा बिघडला तर तत्काळ दुरुस्ती करणारा कारागीरही झिजलेली मूठ मात्र हातोडीने ठोकून महिनोन्‌महिने चालवून घेतो.

ही बेफिकिरी महाग पडू शकते. १५० मिलिमीटर व्यासाचा लाकडी वाडगा मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग तासाला सुमारे २८ किलोमीटर भरतो. अशा वेळी टूलरेस्ट किंचितही खचली, तर पटाशीचा आधार सुटतो, तिची धार लाकडात रुतते आणि हत्यार हातातून उसळते. बोट टूलरेस्ट आणि फिरते लाकूड यांच्या फटीत सापडण्याचा धोका याच क्षणी असतो. तांत्रिक शाखा असलेल्या शाळांतून जेथे विद्यार्थी लेथवर प्रथमच उभे राहतात, तेथे या मुठींची तपासणी शिक्षकांनी दर सत्रारंभी अवश्य करावी.

मूठ बदलणे अवघड नाही. योग्य मूठ ओळखणे अवघड आहे. याचे कारण हैदराबादसारख्या यंत्रनगरीच्या इतिहासात सापडते. सिकंदराबाद येथे १९४३ साली प्रागा टूल्स हा कारखाना निघाला. त्या काळी आपल्याकडील यंत्रांचे मोजमाप बहुशः इंचांत होई आणि बोल्टवरील आटे व्हिटवर्थ पद्धतीचे असत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली सुचविलेली ही पद्धती. पुढे १९५६ च्या वजनमापे प्रमाण कायद्याने देशात मेट्रिक पद्धती आली आणि आट्यांसाठी भारतीय मानक ४२१८ ठरले. बालानगर येथे १९६८ साली केंद्रीय टूल डिझाइन संस्था स्थापन झाली, तोपर्यंत नवे काम मिलिमीटरच्या मार्गाला लागले होते. परंतु बिडाचा लेथ सहसा मरत नाही. तो विकला जातो, गावोगाव फिरतो आणि नातवाच्या हाती येतो. परिणामी आज एकाच कार्यशाळेत, क्वचित एकाच यंत्रावरही, दोन्ही पद्धतींचे आटे आढळतात.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि नांदेडहून आगगाडीने सिकंदराबाद गाठता येते. तेथील राणीगंज हा यंत्रांच्या सुट्या भागांचा नामांकित बाजार. तेथे जाणाऱ्याने, किंवा गावातूनच टपालाने वा दूरध्वनीने मागणी नोंदविणाऱ्याने, ‘लेथची मूठ द्या’ एवढेच सांगितल्यास निम्म्या वेळा चुकीची वस्तू हाती पडेल.

चूक होते ती अशी. दहा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टवर लगतच्या दोन आट्यांतील अंतर, म्हणजे पिच, १.५ मिलिमीटर असते. तीन अष्टमांश इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टचा व्यास ९.५ मिलिमीटर आणि पिच सुमारे १.५९ मिलिमीटर. पहिल्याच्या भोकात दुसरा बोल्ट सहज शिरतो, थोडा डुलतो आणि आवळल्यावर बसलाही असे वाटते. वस्तुतः मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा व व्हिटवर्थचा ५५ अंशांचा असल्याने संपूर्ण भार एकदोन आट्यांच्या कडांवर येतो. काही दिवसांत मूठ तर जातेच, पण बिडाच्या पायातील आटेही निघून जातात. आठ मिलिमीटर आणि पाच षोडशांश इंच ही जोडी याहून फसवी. त्यांच्या व्यासांत केसाएवढाच फरक असतो. ‘बसते ना, मग झाले’ ही कसोटी येथे मुळीच लावू नये. न बसणारी मूठ परत करता येते, खोटी बसणारी मूठ यंत्र बिघडवते.

पिच मोजण्यासाठी पिच गेज असल्यास उत्तम. नसल्यास जुना बोल्ट रॉकेलने स्वच्छ करून त्यावर मोजपट्टी ठेवावी आणि एका आट्याच्या माथ्यापासून पुढील दहाव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर पाहावे. ते १५ मिलिमीटर भरले तर आटे मेट्रिक. जवळजवळ १६ भरले तर इंची. बारा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टवर हेच अंतर १७.५ आणि अर्ध्या इंची व्हिटवर्थवर २१ च्या वर जाते, तेथे घोटाळ्याला जागा नाही. झिजलेल्या टोकावर मोजू नये. डोक्यालगतचे आटे कमी वापरलेले असतात, तेथे मोजावे. बोल्टची लांबीही टिपावी. बिडात तो व्यासाच्या निदान दीडपट शिरला पाहिजे, म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी पंधरा मिलिमीटर.

तथापि, मूठ घसरते म्हणजे मूठच झिजली असे नव्हे. हल्लीच्या अनेक लेथवर स्प्रिंगची मूठ असते. ती वर ओढली की बोल्टपासून सुटते, हवी तेथे वळवून सोडली की आतील दाते पुन्हा गुंततात. या दात्यांत लाकडाचा भुसा व राळ साचली की ते पुरते बसत नाहीत आणि मूठ कटकट करीत फिरते. वरचा लहान स्क्रू काढून दाते दात घासण्याच्या जुन्या ब्रशने स्वच्छ केल्यावर पुष्कळदा खर्चच वाचतो. दाते गोल झाले असतील तर मात्र इलाज नाही. ही मूठ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते व ती दुरुस्त होत नाही.

टेलस्टॉकची गोष्ट आणखी निराळी. तेथे मुठीखाली बहुधा विकेंद्री दांडा असतो, तो फिरला की बेडखालील पट्टी वर ओढली जाते. मूठ शेवटपर्यंत फिरूनही पकड येत नसेल, तर त्या पट्टीखालील नट पाव फेरा आवळून पाहावा. टूलरेस्टच्या खुंटावर बोल्टच्या टोकाने खळगे पडले असल्यास नवी मूठही त्याच खळग्यात सरकत राहील. खुंट कानशीने साफ करावा आणि बोल्टच्या टोकापुढे पितळेची लहान गोळी बसवावी. पितळ मऊ असल्याने तेच झिजते, खुंट वाचतो.

मुठीवर पाइप चढवून आवळण्याची सवय सर्वत्र दिसते, ती मोडून काढली पाहिजे. ८० मिलिमीटरच्या मुठीवर पाइप घालून लांबी ३२० केली की तेवढ्याच हाताच्या जोराने आवळण चौपट होते. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. बैठकीला तडा जातो, आणि ती बैठक कोणत्याही दुकानात मिळेलच असे नाही.

बाजार दूर असल्यास मूठ गावातही करता येते. योग्य आट्यांच्या बोल्टच्या डोक्याला लोखंडी सळईचा तुकडा वेल्डिंगने जोडून घ्यावा आणि सळईच्या टोकावर शिसवीचा किंवा बाभळीचा गोळा बसवावा. हा गोळा त्याच लेथवर, अन्य मुठी शाबूत असताना, कातून घेता येतो. वेल्डिंगपूर्वी बोल्ट पूर्ण आवळून सळईची दिशा खुणेने ठरवावी. आवळल्यानंतर मूठ बेडला अडेल अशा ठिकाणी येता कामा नये.

नवी मूठ बसविल्यावर यंत्र बंद असतानाच टूलरेस्ट हाताने दाबून पाहावी, लाकूड एक फेरा हाताने फिरवावे आणि मगच कमी वेगावर मोटर सुरू करावी. मुठीचे माप, ‘एम १०’ असो वा ‘तीन अष्टमांश व्हिटवर्थ’, लेथच्या पायावर तैलरंगाने लिहून ठेवावे.