घराभोवती किती जागा सोडायची?

■ नियम : डिसेंबर २०२० पासूनची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर या नगरपालिकांनाही तीच लागू.

■ सामासिक अंतर : प्लॉटची हद्द आणि इमारतीची भिंत यांमधली मोकळी जागा. समोरचे अंतर रस्त्याच्या रुंदीनुसार ठरते. दाट वस्तीच्या जुन्या भागात अंतरे कमी.

■ उंच इमारत : बाजूला व मागे उंचीच्या एक पंचमांश, २० मीटर उंचीला ४ मीटर.

■ महामार्ग : धुळे-सोलापूर महामार्गालगत इमारत रेषा वेगळी पाळावी लागते.

■ कशासाठी : उजेड, वारा आणि आगीच्या वेळी बंबाला वाट.

विनापरवाना बांधकामाला १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येते. म्हणून पाया खोदण्याआधीच नकाशा मंजूर करून घ्या.