कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना : खोक्यावरचा आकडा काय सांगतो?

२०२२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या थोरल्याला पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या खानदानात इंजिनिअरिंगला जाणारा तो पहिलाच. त्याच महिन्यात घरातली भिशी लागली आणि हाती चाळीस हजार रुपये आले. फी भरून झाली होती, होस्टेलचे पैसे मामूंनी दिले होते, म्हणून ही रक्कम लॅपटॉपसाठी ठेवायची असे ठरले.

आम्ही इचलकरंजीचे. खरेदीसाठी मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. एक नवा, आय-५ प्रोसेसरचा, किंमत बावन्न हजार. दुसरा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, आय-७ चा, किंमत छत्तीस हजार. पहिल्याच्या कागदावर वेग लिहिला होता १.३ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याच्या कागदावर २.७. आम्ही मनात हिशेब केला. सात हा पाचापेक्षा मोठा, वेग दुपटीहून जास्त आणि वर सोळा हजार वाचतात. विचार करण्यासारखे काही उरलेच नाही. आय-७ घेऊन आम्ही खुशीत घरी आलो.

तो आनंद दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत टिकला. अभ्यासात सॉलिडवर्क्स आले आणि लॅपटॉपचा दम निघाला. एखाद्या यंत्राचे चित्र पडद्यावर फिरवायला गेले की सगळे गोठून जायचे, पंखा घोंघावायचा, खालची बाजू हाताला चटका देईल इतकी तापायची. सबमिशनच्या आदल्या रात्री केलेले काम दोनदा गेले. शेवटी पोरगा कॉलेजच्या लॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत बसू लागला. आम्हाला त्याने यातले काहीच सांगितले नाही. भिशीचे पैसे होते ना ते. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या मित्राच्या तोंडून आम्हाला कळले.

त्या कागदावर एकही अक्षर खोटे नव्हते. आय-७ खरे होते, २.७ सुद्धा खरे होते. चूक झाली ती तो आकडा आम्ही ज्या अर्थाने वाचला त्यात. हीच चूक आपल्यातल्या अनेक घरांत होते, म्हणून हा लेख.

ठोके मोजले, कापड मोजले नाही

ही सगळी हकीकत ऐकल्यावर आमचे अब्बाजी हसले. चाळीस वर्षे यंत्रमागावर काढलेला माणूस. म्हणाले, "माग मिनिटाला किती धोटे मारतो ते काय विचारायचं? संध्याकाळी किती मीटर कापड उतरलं ते विचारायचं."

प्रोसेसरचा वेग समजून घ्यायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालू असतो. दर ठोक्याला थोडे थोडे काम पुढे सरकते. हे ठोके गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके, आणि २.७ गिगाहर्ट्झ म्हणजे दोनशे सत्तर कोटी. हे झाले धोट्याच्या फेऱ्या मोजण्यासारखे. कापड किती उतरेल हे मात्र आणखी गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट पन्ह्याची. अरुंद पन्ह्याच्या मागावर एका फेरीत जेवढे विणले जाते, त्याच्या दुप्पट रुंद मागावर विणले जाते. नव्या रचनेचा प्रोसेसर एका ठोक्यात जुन्यापेक्षा जास्त काम उरकतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीचे दोन गिगाहर्ट्झ आणि आजचे दोन गिगाहर्ट्झ सारखे नसतात.

दुसरी गोष्ट मागांच्या संख्येची. प्रोसेसरमध्ये काम करणारे जे स्वतंत्र भाग असतात त्यांना कोअर म्हणतात. दोन कोअर म्हणजे दोन माग, दहा कोअर म्हणजे दहा माग. आम्ही घेतलेला आय-७ होता ७५००यू या क्रमांकाचा. तो २०१६ साली आलेला, दोन कोअरचा. आम्ही नाकारलेला आय-५ होता १२३५यू, २०२२ चा, दहा कोअरचा. त्यातले दोन मोठे, आठ छोटे.

तिसरी गोष्ट म्हणजे तो १.३ आकडा हा त्याचा पायाभूत वेग होता. काम कमी असले की प्रोसेसर वीज वाचवत हळू चालतो आणि काम अंगावर आले की वेग वाढवतो. या वाढीव वेगाला टर्बो किंवा बूस्ट म्हणतात. १२३५यू गरज पडली की ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आमचा ७५००यू जास्तीत जास्त ३.५ पर्यंत जातो. म्हणजे ज्या आकड्यावर आम्ही भाळलो, त्या आकड्यातही आम्ही मागेच होतो.

वाढलेला वेग किती वेळ टिकेल हे उष्णतेवर अवलंबून असते. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप वेगवेगळे चालू शकतात. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये हवा खेळायला जागा कमी असते. लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवून वापरला तर खालची जाळी बंद होते आणि चांगले मशीनही रडते. ही सवय मुलांना पहिल्या दिवसापासून मोडायला लावावी.

कंपन्यांनाही हा धडा मिळालेला आहे. २००० साली इंटेलचा पेंटियम-४ आला तो १.५ गिगाहर्ट्झपर्यंतचा. चार वर्षांत त्यांनी तो ३.८ पर्यंत नेला. पण उष्णता आवरेना आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत २००४ मध्ये सोडून द्यावा लागला. २००६ मध्ये त्यांनी कोअर-२-ड्युओ आणला. त्याचे ठोके कमी होते, तरी तो पेंटियम-४ च्या पुढे निघून गेला.

नावातच वय असते

नातेवाइकांत लग्न जुळवताना वय विचारतात, लॅपटॉप घेताना मात्र विचारत नाहीत. खरे तर ते नावातच लिहिलेले असते.

इंटेलच्या आय-५-१२३५यू या नावात पहिले दोन अंक, म्हणजे १२, ही पिढी. ७५००यू मध्ये पहिला अंक ७, म्हणजे सातवी पिढी. आय-३, आय-५, आय-७ ही त्या त्या पिढीतली पायरी. नव्या पिढीचा आय-५ जुन्या पिढीच्या आय-७ ला सहज मागे टाकू शकतो. शेवटचे अक्षरही पाहावे. यू असेल तर कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपचा. एच असेल तर जड कामाचा. तो जास्त तापतो आणि बॅटरीही जास्त खातो. अलीकडे इंटेलने नावातला आय काढून कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नवी नावे दिली आहेत. तिथेही यू आणि एच तसेच आहेत.

एएमडीच्या रायझनमध्ये आणखी एक गंमत आहे. धाकटीच्या वेळी आमच्यासमोर दोन रायझन ५ आले. एक ७५२०यू, दुसरा ७५३०यू. नावात एका अंकाचा फरक. पायाभूत वेग पाहिला तर ७५२०यू चा २.८ आणि ७५३०यू चा २.०. आम्ही पुन्हा २.८ कडे वळणार, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "अब्बा, तिसरा अंक बघा." या मालिकेत तिसरा अंक आतली रचना किती नवी आहे ते सांगतो. २ म्हणजे झेन-२, ३ म्हणजे झेन-३. ७५२०यू चार कोअरचा आणि जुन्या रचनेचा, ७५३०यू सहा कोअरचा आणि त्यापुढच्या रचनेचा. ठोके कमी, पण कापड जास्त.

वयाचा आणखी एक संबंध आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी ठरवली, तिच्यात इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर बाकीचे बाहेर. आणि विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. रिफर्बिश्ड घेण्यात कमीपणा काही नाही, चांगला मिळाला तर पैसेही वाचतात. पण आठव्या पिढीच्या खालचा लॅपटॉप कॉलेजच्या चार वर्षांसाठी घेऊ नये.

कांड्या आणि गोदाम

माग कितीही चांगला असला तरी कांडी संपली की तो थांबतो. भरलेल्या कांड्यांची पेटी हाताशी असावी लागते. लॅपटॉपमध्ये ती पेटी म्हणजे रॅम. पेटी लहान असेल तर प्रोसेसर वारंवार गोदामाकडे तोंड करून बसतो. आज ८ जीबी ही कमीत कमी, आणि शक्य असेल तर १६ जीबी.

गोदाम म्हणजे जिथे सगळे साठवून ठेवतात ती डिस्क. जुनी फिरती हार्डडिस्क आणि नवी एसएसडी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या त्या आय-७ मध्ये हार्डडिस्कच होती. एसएसडी नसलेला लॅपटॉप आता घेऊच नये. साधारण ५१२ जीबी पुरते.

रॅम पुढे वाढवता येईल का, हे विकत घेण्याआधी विचारावे. काही लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवर डाग देऊन पक्की केलेली असते. ७५२०यू वर बनलेल्या लॅपटॉपमध्ये ती तशीच असते. ८ जीबीचा घेतला तर तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच.

कोणत्या अभ्यासाला काय

बी.ए., बी.कॉम., डी.एड. या मुलांना लिहिणे, वाचणे, एक्सेल, टॅली आणि ऑनलाइन तास एवढेच हवे असते. अलीकडच्या पिढीचा आय-३ किंवा रायझन ३, ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे.

बी.सी.ए., कॉम्प्युटर, संख्याशास्त्र यांना आय-५ किंवा रायझन ५ आणि १६ जीबी घ्यावी. प्रोग्राम लिहिणाऱ्याला रॅम जास्त लागते.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर यांना एच अक्षराचा प्रोसेसर, १६ जीबी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले बरे. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजवरच चालतात. मॅकबुक कितीही देखणे असले तरी या मुलांची त्यावर अडचण होते.

डॉक्टरी, युनानी, फार्मसी यांचे काम वाचनाचे. इथे प्रोसेसरवर पैसे ओतण्यापेक्षा डोळ्यांना त्रास न देणारा पडदा, टिकणारी बॅटरी आणि कमी वजन पाहावे.

शक्य असेल तर प्रवेश झाल्या झाल्या खरेदी करू नये. पहिला महिना जाऊ द्यावा. त्याच विभागातल्या वरच्या वर्गाच्या मुलांना आणि शिक्षकांना विचारावे की कोणते सॉफ्टवेअर लागते.

शून्य व्याजाचा हप्ता

पहिल्या वेळी बावन्न हजारांचा लॅपटॉप घ्यायला आमच्याकडे बारा हजार कमी होते. दुकानदार म्हणाला, "कार्डावर हप्ते करा, व्याज शून्य." व्याजाच्या वाटेला जायचे नाही म्हणून आम्ही नको म्हटले. पण तेव्हा आम्हाला त्यातले गणित माहीत नव्हते. क्रेडिट कार्डावरच्या अशा 'नो कॉस्ट' हप्त्यांत बँक सहसा व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधी सूट म्हणून कमी करते, त्यामुळे बेरीज सारखी दिसते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि काही ठिकाणी प्रक्रिया शुल्कही पडते. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावले आहे. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी कार्डाचे विवरण नीट वाचून मगच ठरवावे.

धाकटीच्या वेळी आम्ही भिशीत आधीच सांगून तिच्या प्रवेशाच्या महिन्याचा नंबर मागून घेतला. कमी पडले ते खालाने बिनव्याजी दिले. दरमहा दोन हजार फेडतो आहोत.

दुकानात पाच मिनिटे

दुकानात लॅपटॉप चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलात की प्रोसेसरचे पूर्ण नाव, पायाभूत वेग आणि कोअरची संख्या दिसते. मेमरीवर गेलात की रॅम दिसते. डिस्कसमोर एसएसडी की एचडीडी ते लिहिलेले असते. ही तिन्ही पाने फोनवर टिपून घ्या आणि दुकानाबाहेर उभे राहून शांतपणे वाचा. बिल जीएसटीचे घ्या. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, नवा की रिफर्बिश्ड आणि वॉरंटी किती, हे लिहून घ्या. विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो.

थोरल्याचा तो आय-७ फेकून दिलेला नाही. त्यात एसएसडी बसवली, रॅम वाढवली, विंडोज काढून उबुंटू टाकले. आता तो घरीच असतो. भिशीचा हिशेब त्याच्यावर होतो आणि अब्बाजी त्यावर बातम्या ऐकतात. थोरल्याने तिसऱ्या वर्षी शिकवण्या घेऊन स्वतःच्या कमाईने दुसरा घेतला. किती गिगाहर्ट्झचा, असे आम्ही विचारले नाही. सॉलिडवर्क्स चालते का, एवढेच विचारले. तो म्हणाला, "पळतंय अब्बा."