नानीच्या आठवणीतलं ऑपेरा हाऊस

माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला शाळेनं एक प्रकल्प दिला होता, 'घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतलं शहर'. वही-पेन घेऊन ती तिच्या नानीसमोर बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नानी, जुन्या मुंबईतलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?" मला वाटलं, अम्मी हाजी अलीचं नाव घेईल, नाहीतर नळ बाजारातल्या रमजानच्या रात्री सांगेल. अम्मीनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, "ऑपेरा हाऊस."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हातातलं लाटणं थांबलं. आमच्या घरात सिनेमाचा विषय फारसा निघत नाही. नाना मरहूम हजहून परतले आणि त्यांनी सिनेमा कायमचा सोडला. घरातही तोच पायंडा पडला. त्यांच्या त्या निर्णयाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण त्याच नानांच्या तोंडून लहानपणी मी या थिएटरची एक गोष्ट दहा वेळा तरी ऐकली होती. ती मुलीच्या वहीत उतरायलाच हवी होती.

नानांचा 'पठाण'

नाना चिपळूणजवळच्या गावातून पंधरा-सोळाव्या वर्षी मुंबईला आले ते गोदीत काम करायला. नळ बाजारात गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. गावातलाच एक मराठा मित्र त्यांच्याबरोबर गोदीत होता. तो राहायचा परळला, पण सुट्टीच्या दिवशी दोघे बरोबर असायचे.

१९४७ साली पृथ्वीराज कपूर यांची 'पृथ्वी थिएटर्स' ही नाटक कंपनी ऑपेरा हाऊसमध्ये नाटकं करत असे. थिएटरात सिनेमाचे खेळ चालायचे, त्यामुळे नाटक सकाळी व्हायचं. त्या वर्षी त्यांनी 'पठाण' नावाचं नाटक आणलं. सरहद्दीकडचा एक पठाण, शेरखान, आणि त्याचा जिवलग हिंदू मित्र यांची ती कथा. मित्राच्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी शेरखान स्वतःचा एकुलता एक मुलगा देतो, असा शेवट. शेरखानचं काम स्वतः पृथ्वीराज करायचे. बाहेर देशाची फाळणी होत होती, गावोगाव आगी लागत होत्या, आणि आत रंगमंचावर हे नाटक चाललं होतं.

नाना आणि त्यांचा मित्र सर्वांत स्वस्त तिकीट काढून ते बघायला गेले. नाना सांगायचे, "परत येताना सँडहर्स्ट रोडनं आम्ही चालत आलो. गोल देवळापर्यंत दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही." नाटक संपल्यावर पृथ्वीराज स्वतः झोळी पसरून दाराशी उभे राहत आणि मदतीसाठी पैसे गोळा करत, हे त्या काळच्या अनेकांनी लिहून ठेवलं आहे. नानांच्या खिशात ट्रामचे पैसे होते. ते त्यांनी झोळीत टाकले. म्हणून चालत आले.

याच कंपनीत झोहरा सेहगल आणि त्यांची बहीण उझरा या दोघी मुस्लिम घराण्यातल्या मुली काम करायच्या. १९४५ साली 'पृथ्वी'चं 'दीवार' हे फाळणीच्या विचाराला विरोध करणारं नाटकही याच ऑपेरा हाऊसमध्ये झालं होतं.

इमारतीची जन्मकथा

हे थिएटर बांधलं गेलं ते सिनेमासाठी नव्हे. नावाप्रमाणे ते संगीतिकांसाठी, म्हणजे 'ऑपेरा'साठी होतं. कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईचे पारशी व्यापारी जहांगीर फ्रामजी कराका यांनी चर्नी रोडजवळ ते उभारलं. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा हिंदुस्थानात आले तेव्हा बांधकाम अपुरं असतानाच त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून त्याचं नाव 'रॉयल'. पुढच्या काही वर्षांत काम पूर्ण झालं. युरोपातल्या बरोक शैलीचं नक्षीकाम, सोनेरी मुलामा, घुमटाच्या आतल्या बाजूला कवी-नाटककारांना वाहिलेली चित्रं, आणि ससून घराण्याकडून आलेली मोठी झुंबरं. छताची रचना अशी की माइक नसतानाही शेवटच्या रांगेत बसलेल्याला शब्द न् शब्द ऐकू जावा.

साहेब लोकांसाठी बांधलेल्या या घरात लवकरच इथल्या लोकांचा आवाज घुमू लागला. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर इथं गायले. मग सिनेमा आला आणि १९३०च्या दशकात ऑपेरा हाऊस पुरतं सिनेमागृह झालं. १९५२ साली सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानच्या महाराजांनी ते विकत घेतलं.

बुरखा, बाल्कनी आणि शेंगदाणे

अम्मीच्या आठवणी इथून सुरू होतात. १९६०च्या सुमारास 'चौदहवी का चाँद' आणि १९६३ साली 'मेरे मेहबूब' आले. लखनौ-अलीगढच्या वातावरणातले हे सिनेमे लागले की मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या बायका घोळक्यानं थिएटरकडे निघायच्या. पोस्टरवर नाव तीन लिप्यांत असायचं, नागरी, इंग्रजी आणि उर्दू. अम्मी उर्दू शाळेत तिसरी-चौथीत होती. "मदरशात आणि शाळेत शिकलेली अक्षरं रस्त्यावर एवढी मोठी लिहिलेली बघितली की छाती फुगायची," असं ती म्हणते. मी स्वतः उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुलांना अक्षरं भिंतीवर दिसली पाहिजेत हे मला बी.एड.ला शिकवलं, अम्मीला ते रस्त्यानं शिकवलं होतं.

नानी मरहूमा वर्षातून एक-दोनदाच जायची, ईदनंतर. बाल्कनीत, शेजारणींबरोबर, दुपारच्या खेळाला. दिवे गेले की सगळ्या जणी नकाब वर करायच्या आणि मध्यंतराचे दिवे लागले की भराभर खाली. कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. डोअरकीपर बॅटरी मारत यायचा आणि ओरडायचा, "टरफलं खाली टाकू नका!" आणि नानी ती टरफलं गुपचूप स्वतःच्या पिशवीत भरायची. "चार घटका तिला कुणी हाक मारत नव्हतं," अम्मी म्हणाली. "ना चूल, ना नळाचं पाणी. मला वाटतं, ती सिनेमा बघायला जात नव्हती, बसायला जायची." मुलीनं हे वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं.

१९९३

मी स्वतः ऑपेरा हाऊसमध्ये कधी गेले नाही. टी.व्ही., व्हिडिओ आणि केबलनं अशा थिएटरांचे प्रेक्षक पळवले होते, आणि १९९३ साली त्याची दारं बंद झाली.

त्याच वर्षी आमच्या खोलीचंही दार बंद झालं. मी बारा वर्षांची होते. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींनंतर अब्बांनी मुंबई सोडायचं ठरवलं. थिएटर बंद पडण्याशी दंगलीचा संबंध नव्हता, पण अम्मीच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच कप्प्यात आहेत. मला आठवतं ते एवढंच. त्या दिवशी पहाटे नानांचा तो परळचा मित्र आला. पासष्टी उलटलेला म्हातारा माणूस. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, आमच्याबरोबर मुंबई सेंट्रलच्या एस.टी. स्टँडपर्यंत चालत आला आणि चिपळूणची गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. नाना त्याला म्हणाले, "आता जा घरी." तो गेला नाही. गाडी हलल्यावर नानांनी अब्बांना 'पठाण' नाटकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. काही महिन्यांनी आम्ही मुंब्र्याला राहायला आलो आणि इथलेच झालो.

दुरुस्ती म्हणजे काय?

वीसहून अधिक वर्षं ऑपेरा हाऊस बंद राहिलं. बंद इमारतीची मुंबईच्या पावसात काय दशा होते ते सांगायला नको. २०१२ साली 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड'नं धोक्यात असलेल्या जगभरच्या वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. गोंडलच्या राजघराण्यानं ती पाडून टॉवर बांधायला दिली नाही, हे त्यांचे उपकारच. वारसा वास्तूंच्या जाणकार वास्तुरचनाकार आभा नरेन लांबा यांनी दुरुस्तीचं काम हाती घेतलं. आधी बाहेरचा भाग, मग आतला.

अशी दुरुस्ती म्हणजे नवा रंग मारणं नव्हे. रंगाचे थर एकेक करून खरवडायचे आणि तळाचा मूळ रंग शोधायचा. सिनेमासाठी बाल्कनी करताना जुने बॉक्स काढून टाकले गेले होते. ते जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा उभे केले. नक्षीकाम, रंगीत काचा, झुंबरं पूर्ववत केली. एअर कंडिशनिंग, दिवे आणि आवाजाची नवी यंत्रणा डोळ्यांत येणार नाही अशी बसवली. ऑक्टोबर २०१६मध्ये दार उघडलं. आता तिथं ५७५ खुर्च्या आहेत. २०१७ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला.

अम्मीला घेऊन

प्रकल्प वहीतच संपला असता, पण मुलगी हट्टाला पेटली. "नानीला दाखवू या ना!" एका रविवारी संगीताच्या कार्यक्रमाची तीन तिकिटं काढली. तिकिटाचा आकडा अम्मीला सांगितला नाही, सांगितला असता तर ती आलीच नसती. मुंब्र्याहून दादर, दादरहून चर्नी रोड. असरची नमाज आटोपून अम्मी दाराशी आली आणि थबकली. "बेटा, आपल्याला सोडतील ना आत?" मी काही बोलायच्या आधीच दारावरची तरुण मुलगी पुढे झाली. "आजी, सावकाश या, पायरी आहे," म्हणत तिनं अम्मीचा हात धरला.

आत झुंबरं लखलखत होती. मुलगी आ वासून घुमटाकडे बघत होती. अम्मी मात्र मान वळवून वळवून काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधलं आणि हळूच म्हणाली, "सुंदर आहे. माशाअल्लाह. पण आम्ही बसायचो ते कुठे आहे?"

मी उत्तर देऊ शकले नाही. ऑपेरा हाऊस सुधारलं ते त्याच्या जन्माच्या वेळचं. ते बरोबरच आहे, वास्तूला तिचं मूळ रूप परत मिळायला हवं. पण खरवडलेल्या थरांत नानीची बाल्कनीही गेली. शेंगदाण्याच्या टरफलांना आणि वर केलेल्या नकाबांना कोणत्याही जुन्या छायाचित्रात जागा नव्हती. वास्तू कारागीर सांभाळतात. त्यात बसलेली माणसं सांभाळायची ती घरातल्यांनीच.

निदान ही इमारत तरी उभी आहे. तिथून थोड्याच अंतरावर, गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी तिथं 'आलम आरा' झळकला, देशातला पहिला बोलपट. पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची कथा, हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, नायिका झुबैदा, पहिलं गाणं गाणारे वझीर मोहंमद खान आणि नायक आपले मराठी मास्टर विठ्ठल! त्यांना उर्दू संवाद जमेनात म्हणून त्यांचं बोलणं कमी केलं, असं सांगतात. मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा माझे उर्दू शाळेतले विद्यार्थी, ज्यांना मराठीचा 'ळ' जमत नाही, खूप हसतात आणि मग जरा धीटपणे वाचू लागतात. पण आज मॅजेस्टिकही नाही आणि 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही.

परत येताना लोकलमध्ये मुलीनं वही उघडली आणि शेवटच्या पानावर बाल्कनीचा नकाशा काढला. नानी सांगत होती, "इथं मी. इथं माझी आई. इथं शेजारीण." मग अम्मी म्हणाली, "आणि खाली, सगळ्यात पुढे, तुझे पणनाना आणि त्यांचा दोस्त. ते सिनेमाला नव्हते हां, नाटकाला होते." मुलीनं तिथं दोन ठिपके काढले आणि दोन्ही नावं लिहिली.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गावातही असं एखादं थिएटर असेल, वाचनालय असेल, जुनी शाळा असेल. ते वाचवणं आपल्या हातात असेलच असं नाही. पण घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल, तर आज जेवणानंतर त्याच्यापाशी वही घेऊन बसा. अल्लाह त्यांना दीर्घायुष्य देवो. पण ते सांगतील ते आजच लिहून घ्या.