पाणी उपसण्याचीं साधनें व गोड्या पाण्याची मर्यादा

महसुली दप्तरांत बागाइताचे दोन प्रकार नोंदलेले आढळतात : पाटस्थळ व मोटस्थळ. पाटाचें पाणी उतारानें आपोआप येतें; विहिरीचें मात्र कष्टानें वर आणावें लागतें. हे कष्ट हलके करण्याचे मार्ग मनुष्य फार प्राचीन काळापासून शोधीत आला आहे.

सिराक्यूज येथील ग्रीक गणिती आर्किमिडीज (इ. स. पूर्वीं सुमारें २८७ ते २१२) याच्या नांवानें मळसूत्री उपसा प्रसिद्ध आहे. लांब नळीच्या आंत मळसूत्र बसवावें, नळी तिरपी धरून तिचें खालचें टोंक पाण्यांत ठेवावें व ती फिरवावी, म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक पाणी एकेक आटा वर चढतें. उथळ जागेंतील पाणी मुबलक काढण्यास हें साधन उत्तम. खोल विहिरीस निरुपयोगी. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसनें इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत दोन नळकांड्यांचा पंप रचिला. दट्ट्या वर जातांना झडपेंतून पाणी आंत येई. खालीं येतांना ती झडप मिटून पाणी दुसऱ्या वाटेनें वर ढकललें जाई. दट्ट्या व झडप यांची हीच जोडी आपल्या हातपंपांत आहे.

आपल्याकडेहि युक्तीची उणीव नव्हती. ‘रहाट’ हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’ यापासून आला आहे. देशावर मोट, तर वसईच्या वाड्यांत रहाट, अशी वहिवाट होती. मोटेचे बैल उताराच्या धांवेवरून जात, त्यामुळें त्यांचें स्वतःचें वजनहि ओढण्याच्या कामीं येई. पुढें १९२६ सालीं किर्लोस्करवाडीस पंप तयार होऊं लागले, विजेचा प्रसार झाला, आणि बटण दाबतांच पाणी येऊं लागलें.

येथेंच सावधगिरीची गरज आहे. बैल थकत, दुपारीं सुटत. तेवढ्या अवधींत झरे विहीर भरून काढीत. यंत्रास थकवा नाहीं. खाडीकांठच्या व मिठागरांलगतच्या मुलखांत जमिनीखालील गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. शास्त्रज्ञांचा हिशेब असा कीं, समुद्राच्या पातळीवर १ फूट गोडें पाणी असेल, तर पातळीखालीं तें सुमारें ४० फूट असतें. म्हणून वरचें पाणी कायमचें १ फूट उतरलें, तर खालचें खारें पाणी सुमारें ४० फूट वर येऊं पाहतें. एकदां खारावलेली विहीर पुन्हां गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात. तोंवर केळी व पानवेली जळून जातात. भाईंदर पूर्वेस आतां इमारतींची दाटी झाली असली, तरी जमिनीखालचा हा नियम बदललेला नाहीं.

सबब विहीरवाल्या बंधूंस सूचना अशी : दोरीस गांठी मारून उपशापूर्वीं व उपशानंतर पाण्याची पातळी मोजावी व वहींत टिपून ठेवावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी पूर्वीच्या गांठीस न आल्यास उपसा कमी करावा. पंप लहान घ्यावा. एकदम न उपसतां दोन वेळां थोडथोडें उपसावें. वैशाखांत पाण्याची चव वरचेवर पाहावी. पावसाळ्यांत छपराचें स्वच्छ पाणी गाळून विहिरींत सोडावें. जमेपेक्षां खर्च अधिक झाला, तर खातें बुडतें. विहिरीचेंहि तसेंच आहे.