पाऊस किती झाला नव्हे, किती तासांत झाला?

‘यंदा किती इंच झाला?’ हा आपल्याकडचा पावसाळ्यातील नेहमीचा प्रश्न. डॉक्टर म्हणून मला मात्र ‘किती तासांत झाला?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माण, आटपाडी, जत या तालुक्यांना वर्षभरात साधारण एवढाच पाऊस मिळतो! सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी ती ओलांडली गेली. 2019 मध्ये तर पाणी 57 फुटांच्या वर गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे संथ पाऊस कमी आणि कोसळणारा जास्त.

आरोग्याचा संबंध येथेच येतो. झिमझिम पाऊस जमिनीत मुरतो. धो-धो पाऊस उकिरडा, गोठा, संडास धुऊन थेट विहिरीत नेतो. जतच्या माळावर एकच दणका बसला तरी हे घडते. त्यासाठी कृष्णाकाठी राहावे लागत नाही. त्यामुळे विहिरीत टीसीएल पावडर टाकलीच पाहिजे. प्रमाण हजार लिटरला 5 ग्रॅम. नंतर निदान अर्धा तास पाणी वापरू नये. गढूळ पाण्यात पावडरीचा प्रभाव पडत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याला घरी आधी तुरटी फिरवावी, गाळ बसल्यावर ते गाळून उकळावे. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातील पावडरीचा जोर उडून जातो. (ग्रामपंचायतींनी आपली पोती एकदा पाहावीत!)

पूर चढताना सगळे सावध असतात. तो ओसरला की अनवाणी पायांनी चिखल उपसणे सुरू होते. उंदीर व जनावरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. ताप मात्र बहुधा 5 ते 14 दिवसांनी येतो. तोवर पूर विसरलेला असतो आणि ‘साधा ताप’ म्हणून गोळी घेतली जाते. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसताच दवाखान्यात जावे आणि चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. वेळीच दिलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधांनी हा आजार बरा होतो. मात्र ते औषध मनाने घेऊ नये, गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी तर मुळीच नाही. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे दिसल्यास रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवावे.

चिखल काढताना गमबूट घालावेत. ते नसतील तर पायांतील जखमा झाकून काम करावे आणि नंतर साबणाने पाय स्वच्छ धुवावेत.